बाण काढण्याआधी

३ नोव्हेंबर, सोमवार

आज कारखान्यात सुपरवायझरबाईंनी माझ्या डोक्याला भुंगा लावून दिला. शर्ट तपासायला नव्या बायका घेणार आहेत. महिनाअखेरीला त्यांना मी शिकवायचं आहे. "फार काही नको. चेकिंग म्हणजे काय, तेवढं सांगा," म्हणाल्या. मी हो म्हणून जागेवर येऊन बसलो आणि मग घाम फुटला. अर्धं आयुष्य या टेबलाशी गेलं, पण चेकिंग म्हणजे काय हे मला सांगता येत नाही. करता येतं, एवढंच.

आमच्या गावच्या शाळेत इंग्रजी उशिरा सुरू झालं आणि शिकवणाऱ्या गुरुजींची बदली झाली तेव्हा तिथेच थांबलं. पण चेक हा शब्द मला शाळेत शिकावा लागला नाही. छातीवरच्या बिल्ल्यावर 'चेकर' लिहिलंय. समोर येणारे निम्मे शर्ट चेक्सचे. बँकेत चेक, नाक्यावर चेकिंग, दवाखान्यात चेकअप. एकच शब्द इतक्या घरी चाकरी कशी करतो? वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना विचारलं पाहिजे. ते जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेत आणि विचारणारं कोणी भेटलं की त्यांना बरं वाटतं.

त्या दिवशी त त प प होऊ नये म्हणून आजपासून लिहून काढायचं ठरवलं. हिला, म्हणजे बायकोला, सांगितलं तर म्हणाली, "तुम्ही शिकवणार? घरात तर चार शब्द बोलायला पैसे पडतात तुम्हाला."

खरं आहे ते. पण लिहायला बरं वाटतंय.

५ नोव्हेंबर, बुधवार

आधी जे मला येतं ते लिहितो.

टेबलावर दोन पांढरे दिवे. शर्ट समोर पसरायचा. कॉलरपासून सुरुवात, मग खांदा, बाही, खिसा, खाली शिवण. टाका सुटलाय का, तेलाचा डाग आहे का, खिशावरची चौकट अंगाच्या चौकटीशी जुळते का. दोष दिसला की लाल कागदी बाण चिकटवायचा. बाणाचं टोक बरोबर दोषाला टेकलं पाहिजे. एवढंच. दोष आपण दुरुस्त करायचा नाही आणि कोणाला सांगायलाही जायचं नाही. हॉलमध्ये मशिनांचा आवाज इतका असतो की ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू येत नाही. बाण बोलतो. पुढच्या टेबलावरचा दुरुस्तीवाला बाण बघतो, दोष बघतो, मग बाण काढतो.

कामाला बसण्याआधी मी डोळे मिटून देवाला एवढंच म्हणतो की मला नीट दिसू दे. दुसरं काही मागत नाही.

या बाणांचा घरी मात्र वैताग आहे. बाहीला, पाठीला, मोज्याला चिकटून येतात. उशीवर सापडतात. एकदा देवाच्या तसबिरीच्या काचेवर सापडला, तेव्हा ही म्हणाली, "आता त्याच्यातही खोट काढलीत?" डब्याच्या पिशवीत तर अख्खी पट्टीच पडलेली असते.

लग्न झाल्यावर ही दोन वर्षं आमच्याच कारखान्यात दोरे कापायला होती. तेव्हा घरातल्या फुटक्या कपाला, माझ्या शर्टाच्या तुटक्या बटणाला ती गुपचूप बाण लावून ठेवायची. मी ते बघायचो, दोघं हसायचो. लेक झाली, काम सुटलं, तेही थांबलं. आज लिहिताना आठवलं.

९ नोव्हेंबर, रविवार

मास्तरांकडे बुद्धिबळ. दर रविवारी असतं. "या चेकर, हरायला आलात?" हे त्यांचं स्वागत.

मी विषय काढला. मास्तरांनी घोडा हातातच धरला आणि खुर्चीत मागे टेकले. "तुम्ही आत्ता माझ्या राजाला काय दिलंत?"

"शह."

"इंग्रज काय म्हणतो?"

"चेक."

"तेच ते. एकच शब्द."

मला वाटलं गंमत करतायत. पण नाही. शाह म्हणजे इराणच्या भाषेत राजा. खेळताना समोरच्याच्या राजावर संकट आलं की 'शाह!' म्हणून हाक द्यायची. म्हणजे बाबा रे, तुझा राजा बघ. तो शब्द खेळाबरोबर अरबांकडे गेला, तिथून फ्रान्समध्ये जाऊन त्याचा तोंडवळा बदलला, आणि इंग्रजांकडे पोचेपर्यंत त्याचा चेक झाला. आपल्याकडे आला तो जवळच्या वाटेनं, म्हणून शहच राहिला.

"म्हणजे माझ्या बिल्ल्यावर राजा आहे म्हणा की," मी म्हणालो.

"राजा नाही हो. राजा अडचणीत असल्याची हाक आहे. पगार तेवढाच."

घरी येऊन हिला सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. उजव्या हातानं चादर दोरीवर टाकायचा प्रयत्न करत होती, ती सारखी खाली पडत होती. मी म्हणालो, दोन हात दिलेत देवानं. ती म्हणाली, "दिलेत खरे." मग मीच चादर टाकली आणि शाहाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. तिनं ऐकली की नाही, कोण जाणे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कारखान्यात नोटीस लागली. पुढच्या आठवड्यात कामगारांच्या घरच्या बायकांसाठी फुकट चेकअप. बघा, पुन्हा तोच शब्द. हिला सांगितलं.

ती भांडी विसळत होती. एकच ताट तिनं दोनदा विसळलं. मग म्हणाली, "बाई डॉक्टर असेल का?"

"असेल. मी विचारलं नाही."

"आणि काय काय बघतात?"

"बघत असतील सगळं. तुला काही होतंय का?"

"मला काय धाड भरलीय!" असं म्हणून तिनं नळ मोठा सोडला.

मलाही बरं वाटलं. उगाच रजा पडली असती. नाव दिलं नाही.

हल्ली ती भिंतीकडे तोंड करून झोपत नाही. म्हणते त्या कुशीवर उकडतं. नोव्हेंबरात!

१६ नोव्हेंबर, रविवार

आज मास्तर रंगात होते. राजावर हाक आली की खेळ जिथल्या तिथे थांबतो, आधी राजा सांभाळायचा, बाकी डाव मग. म्हणून चेक म्हणजे थांबवणं. थांबवणं म्हणजे आवर घालणं. आवर घालायचा तर नजर ठेवायला हवी, म्हणून तपासणं. बँकेचा चेकही तसाच: लबाडीला आवर बसावा म्हणून अर्धा तुकडा जवळ ठेवायचा, त्यावरून ते नाव. आणि कापडावरचा चेक्स? तो सरळ बुद्धिबळाच्या पटावरून आला. तिकडच्या राजाचे हिशेबनीस म्हणे चौकटी चौकटीचं कापड टेबलावर अंथरून त्यावर हिशेब मांडायचे, त्यांच्या कचेरीचं नावही त्या पटावरूनच पडलं.

"म्हणजे सगळं खानदान एकच," मी म्हणालो.

"एकच. फक्त एकमेकांना ओळख देत नाहीत. आपल्या भावकीसारखे."

मग एक गोष्ट त्यांनी सांगितली ती शिकवण्याच्या दिवसासाठी राखून ठेवली आहे. जुन्या रिवाजात शह दिला की तोंडानं सांगावंच लागे. गप्प राहून राजा पकडणं हे सभ्यपणाचं नव्हतं. "पण," मास्तर म्हणाले, "हाक देणाऱ्यानं दिली, ऐकणाऱ्याचं लक्षच नसेल तर? त्याला रिवाज काय करणार?" तेवढ्यात त्यांनी माझा वजीर उचलला.

निघताना त्यांनी विचारलं, "वहिनींचा हात दुखतोय का? परवा जिन्यात पिशवी घेऊन थांबल्या होत्या."

मी म्हणालो, वय झालं आता, सांधे बोलतात.

घरी आलो तर हिच्या गाऊनला बाण! डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली. "बघ, तुलाही चिकटला," म्हणून मी तो काढून टाकला. ती माझ्याकडे बघत राहिली. "काय झालं?" म्हणालो. "काही नाही. जेवायला वाढते," म्हणाली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज पुन्हा तसंच. त्याच गाऊनला, त्याच जागी बाण. आज चांगला घट्ट बसला होता, नखानं खरवडून काढावा लागला. नख लागताच ती दचकली. मी गमतीनं म्हणालो, "सारखे बाण लागायला लागले तर रिजेक्ट करतील हं तुला."

हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. आत जाऊन देवापुढे बसली. एरवी देवाचं मी बघतो, ती फक्त दिव्यात तेल घालते. आज बराच वेळ बसली. मी बाहेरून म्हणालो, चहा होईल का? ती उठली, चहा केला, त्यात साखर घालायला विसरली. लेकीचा या रविवारी फोन आला नव्हता, त्याचंच वाईट वाटत असणार. लेकीला सांगायला हवं की आईला फोन करत जा.

भाषण जवळपास तयार आहे. शाहाचा भाग फार छान झालाय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आजचं आजच लिहितो. लिहिलं नाही तर बसवणार नाही.

सकाळी शिकवलं. आठ-दहा बायका होत्या, मशिनं बंद ठेवली होती. शाहाची गोष्ट सांगितली, सगळ्या ऐकत होत्या. सुपरवायझरबाई दारात उभ्या राहून हसत होत्या. मग कामाकडे वळलो. म्हणालो, "एक नियम पाठ करा. दोष बघितल्याशिवाय बाण काढायचा नाही. बाण ही कोणीतरी दिलेली हाक आहे. ती पुसून टाकायचा अधिकार फक्त ज्यानं दोष डोळ्यांनी बघितला त्याला."

माझ्याच वयाची एक चष्मेवाली होती. तिनं विचारलं, "अहो, पण बाण कुठून तरी उडून येऊन बसला असेल तर? ओळखायचा कसा?"

प्रश्न चांगला होता. मी ऐटीत उत्तर दिलं. "भटका बाण वाकडा बसतो. त्याची कड उचललेली असते, डिंकाला धूळ लागलेली असते. मुद्दाम लावलेला बाण सरळ असतो, अंगठ्यानं दाबलेला असतो, खरवडल्याशिवाय निघत नाही. आणि एकाच जागी दोनदा आला तर..."

मी हातातली बाणांची पट्टी खाली ठेवली.

सगळ्या वाट बघत होत्या. चष्मेवाली म्हणाली, "तर काय?" मी म्हणालो, "तर तिथे दोष आहे." आणि सुपरवायझरबाईंना हात जोडून तसाच निघालो. बस येईपर्यंत थांबलो नाही. चालतच घरी आलो.

ही दारात. "अगं बाई, इतक्या लवकर? विसरलात की काय सगळं?"

मी चप्पल न काढताच म्हणालो, "तो बाण तू लावला होतास."

तिनं दार लावलं. खुर्चीवर बसली. गाऊनच्या त्या जागेवर उजवा हात ठेवला आणि म्हणाली, "दोनदा लावला. दोन्ही वेळा तुम्ही काढलात."

"तोंडानं का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? तोंडातून बाहेर पडलं की खरं झालं असतं. म्हटलं, तुम्ही बघाल. दिवसभर तेच तर करता."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. तीच म्हणाली, "गाठ आहे. सुपारीएवढी. दुखत नव्हती, आता दुखते. उन्हाळ्यापासून."

"उन्हाळ्यापासून!"

"ओरडू नका."

"ओरडत नाही गं."

"मग रडू पण नका. दोघांनी एकदम रडलं तर चहा कोण करणार?"

चहा मी केला. मीही साखर विसरलो. तिनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि मग आम्ही दोघंही हसलो. त्यानंतर मात्र तिला आवरेना. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलो.

मी रोज देवाला म्हणतो, नीट दिसू दे. तो दाखवत होता. चादर दाखवली, पिशवी दाखवली, मास्तरांच्या तोंडून विचारलं. सगळं या वहीत माझ्याच अक्षरात आहे. मागची पानं आज वाचली. माणूस इतकं लिहून ठेवून काही न बघता राहू शकतो!

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दवाखाना. बाई डॉक्टर मिळाल्या. कारखान्यातलं चेकअप गेल्या आठवड्यातच होऊन गेलं, म्हणून थोरल्या दवाखान्यात गेलो. बाहेर बाकावर बसलो होतो. ही आत जाताना म्हणाली, "तुम्ही इथेच थांबा, हलू नका." मी हललो नाही. शेजारच्या माणसानं पेपर देऊ केला, तोही घेतला नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं तेव्हा हिच्या अंगावर हिरवा झगा होता आणि काखेखाली पेनानं एक खूण केलेली होती. बाणच, पण निळ्या शाईचा. ही माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा, यांचा पण तोच धंदा."

सुईनं गाठीतलं थोडं तपासणीला घेतलंय. उत्तर यायला थोडे दिवस लागतील.

लेकीला सांगितलं. ती फोनवर आधी माझ्यावर चिडली, मग आईवर, मग स्वतःवर. उद्या येते.

४ डिसेंबर, गुरुवार

चांगलं नाही. पण फार पुढेही गेलेलं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ऑपरेशन करायचं, मग औषधं. "आधी आला असतात तर सोपं होतं, उशिरा आला असतात तर अवघड होतं," म्हणाल्या. यातलं धरायचं काय? ही म्हणाली, मधलं धरू.

मास्तर खाली आले. पट आणला नव्हता. हिनं केलेला चहा प्यायले. मीच विचारलं, कारण तो शब्द माझ्या डोक्यात चार दिवस खिळ्यासारखा बसला होता. "मास्तर, शहमात म्हणजे राजा मेला ना?"

हिच्या देखत विचारायला नको होतं. पण तीही कान देऊन ऐकत होती.

मास्तर कप खाली ठेवून म्हणाले, "तसं सांगतात खूप जण. पण जाणकार म्हणतात की मात म्हणजे मेला नव्हे. हतबल झाला, त्याला काही सुचेनासं झालं. बुद्धिबळात राजा मरत नाही, चेकर. त्याला पटावरून कोणी उचलत नाही."

"आणि नुसता शह असेल तर?" हिनं विचारलं.

"नुसता शह असेल, वहिनी, तर चाल तुमची."

ती म्हणाली, "मग बरं आहे." आणि रिकामे कप उचलून घेऊन गेली. उजव्या हातात दोन, डाव्यात एक.

१४ डिसेंबर, रविवार

ऑपरेशन परवा झालं. लांबलं. लेक आणि मी बाकावर होतो. मी जप करत होतो, पण मध्येच नाव विसरायचो आणि कॉलर, खांदा, बाही, खिसा असं सुरू व्हायचं. देवाला चालत असेल. त्याला माहीत आहे माझ्या तोंडात काय बसलंय.

शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं ते, "तुम्ही जेवलात का?" मी हो म्हणालो. लेकीनं मागून सांगितलं, "खोटं बोलतायत, आई." तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "कळतंय मला."

सुपरवायझरबाईंनी फोन केला, रजा हवी तेवढी घ्या म्हणाल्या. चष्मेवाली माझ्या टेबलावर बसते आहे. चांगली बघते म्हणे.

१ फेब्रुवारी, रविवार

पुष्कळ दिवस लिहिलं नाही. औषधं सुरू आहेत. पहिल्या डोसानंतर तिला चार दिवस पाणीसुद्धा ठरत नव्हतं. दुसऱ्याला जरा बरं गेलं. केस जातायत. काल लेकीनं तिला टोपी विणून दिली, चौकटी चौकटीची. ही आरशात बघून म्हणाली, "आता मला घेऊन जा कारखान्यात, जुळतात का बघा." मी खरंच बघितलं. कानाजवळ एक चौकट सरकली होती. सांगितलं नाही. मग सांगितलं. लेक भडकली, ही मात्र खूश झाली.

दर तीन महिन्यांनी चेकअपला जायचं आहे, पुढची काही वर्षं. पूर्वी हा शब्द ऐकला की मला शर्ट दिसायचे. आता दवाखान्याचा बाक दिसतो, आणि कोणीतरी कुणाला 'राजा बघ' म्हणून हाक मारतंय असं वाटतं.

परवापासून कामावर जातोय. आज सुट्टी. संध्याकाळी मास्तरांकडे जायला म्हणून खुंटीवरचा शर्ट घातला, तर छातीवर डाव्या खिशाच्या वर बाण. नेहमीप्रमाणे हात गेला. नख कडेला लागलं, आणि थांबलो.

सरळ होता. अंगठ्यानं दाबलेला होता.

स्वयंपाकघरात गेलो. ती खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली.

"अगं, इथे काय झालंय?"

"कुठे?"

"बाण आहे इथे."

"मग?"

"मग विचारतोय. काय दिसलं तुला? शिवण उसवलीय? डाग आहे?"

"काही नाही झालेलं. चांगला आहे शर्ट." तिनं एक शेंग सोलली, दाणे ताटात टाकले. "बघत होते, काढता का विचारता ते."

मी तसाच मास्तरांकडे गेलो. त्यांनी बाण बघितला आणि आज पहिल्यांदा मला जिंकू दिलं. घरी येऊन शर्ट खुंटीला लावलाय. बाण आहे तिथेच आहे. काढायचा असेल तेव्हा ती काढेल.